कानाचं गोत्र

वैदेही गायधनीचा माणसांवर विश्वास नव्हता आणि त्या अविश्वासावर तिचं घर उत्तम चाललं होतं. नाशिकला पंडित कॉलनीत तिचं विवाह सूचक मंडळ होतं. स्थळं शोधायला आता कुणाची गरज उरली नव्हती; ते काम फोनमधली यंत्रं चहा उकळेपर्यंत करून टाकत. यंत्रांना एकच गोष्ट जमत नव्हती, ती म्हणजे चौकशी. मुलगा निर्व्यसनी आहे की फक्त फोटोत निर्व्यसनी आहे, 'आधीचं ठरलेलं मोडलं' म्हणजे नक्की किती ठरलं होतं, सासूबाई 'स्वभावानं मोकळ्या' आहेत म्हणजे काय काय बोलतात, हे वैदेही शोधून काढायची.

तिचा नियम साधा होता. ज्याची चौकशी करायची, त्याला काही विचारायचं नाही. शेजाऱ्याला विचारावं, सोसायटीच्या वॉचमनला विचारावं, जुन्या ऑफिसातल्या रुसलेल्या सहकाऱ्याला तर अवश्य विचारावं. माणूस स्वतःबद्दल सांगतो त्याला ती जाहिरात म्हणायची.

मंडळाची वेबसाइट उघडली की मंगलाष्टकं सुरू व्हायची. एका गिऱ्हाइकाच्या लग्नात नवरदेवाच्या आत्यानं म्हटलेली ही मंगलाष्टकं वैदेहीनं फोनवर टिपून घेतली होती. पाच वर्षं ती बिनबोभाट वाजली. मग एके दिवशी बंद पडली आणि त्या जागी सरकारी भाषेत एक ओळ आली: 'ध्वनीचे मूळ सिद्ध न झाल्याने बंद.'

ध्वनिमूळ कार्यालयात केंगे नावाचे अधिकारी बसत. वैदेही खुर्ची ओढायच्या आधीच सुरू झाली.

"अहो साहेब, मंगलाष्टकं आहेत ती. त्यांची चाल काय कुणाच्या बापाची आहे?"

"चाल कुणाचीच नाही, ताई," केंगे शांतपणे म्हणाले. "चूक मात्र कुणाची तरी आहे."

केंग्यांना हे रोज वीस जणांना सांगावं लागत असणार, कारण त्यांनी ते चांगलं घोटून ठेवलं होतं. यंत्रांनी इतकी गाणी रचून टाकली होती की कोणती चाल कुणाची हे न्यायालयांना कळेनासं झालं होतं. अशा वेळी सूरवंश यंत्र आलं. ते गाणं ऐकत नाही, गाण्यातल्या चुका ऐकतं. पूर्वी पोथ्या हातानं उतरवून घेत. एका लेखनिकानं एक ओळ गाळली की त्याच्या पोथीवरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत ती ओळ गळालेली. दोन पोथ्या अगदी बिनचूक असतील तर त्यांचा संबंध सांगता येत नाही. दोन्हींत एकच चूक असेल तर मात्र त्या एका घरच्या.

"गाण्याचंही तसंच," केंगे म्हणाले. "शाळेत जायच्या आधी मुलाच्या कानावर जो आवाज रोज पडतो, त्याचा श्वास कुठे तुटतो, सुरावर पोचायला कुठे उशीर होतो, हे सगळं मूल उचलतं. पुढे दहा गुरू करा. सूर सुधारतो, श्वास सुधारत नाही. यंत्र तेवढं बघतं आणि कुणाचा कान कुणाकडून आला ते सांगतं. रक्ताशी संबंध नाही. नुसता कानाचा वंश."

"आणि मग?"

"घरात, मोरीत, देवळात काय वाटेल ते गा. धंद्यासाठी वाजवलंत की मूळ दाखवायचं. मूळ माणूस जिवंत असेल तर त्याची संमती आणायची." केंग्यांनी पडद्याकडे पाहिलं. "ह्या बाई नवरदेवाच्या सख्ख्या आत्या म्हणालात ना?"

"सख्ख्या. नवरदेवाच्या वडिलांची पाठची बहीण. चौकशी मी स्वतः केलीय."

"मागे 'सावधान' म्हणताना वडिलांचा आवाज आलाय. दोघांचे कान वेगळे आहेत, ताई. हे दोघं एका घरात वाढलेले नाहीत."

त्या कुटुंबाला 'एकत्र, घट्ट, तीन पिढ्या एका छपराखाली' असं प्रशस्तिपत्र तिनं स्वतः दिलं होतं. बाहेर येऊन तिनं तिथल्या तिथे फोन लावले आणि वॉचमन, शेजारीण, दूधवाला या साखळीतून तासाभरात कळलं की आत्याबाईंना लहानपणी विदर्भातल्या एका मावशीकडे देऊन टाकलं होतं. लग्नापुरतं परत बोलावलं होतं. यात गुन्हा काही नव्हता. पण वैदेहीला जे कळलं नव्हतं, ते एका यंत्राला तीन मिनिटांच्या गाण्यात कळलं होतं. तिला आधी राग आला आणि मग कल्पना सुचली.

मूळ कळल्याशिवाय संमती मागणार कशी? म्हणून कार्यालय अर्जदाराला मूळ कळवतं. अर्जदार व्हायला काय लागतं? धंद्याची वेबसाइट लागते, ती तिच्याकडे होती.

दुसऱ्या दिवसापासून नवीन स्थळ आलं की वैदेही गोड आवाजात म्हणायची, "तुमच्या घरची मंगलाष्टकं ऐकवा की. नमुना म्हणून वेबसाइटवर घालते." माइक पुढे केल्यावर मंगलाष्टकं म्हणायला नाही म्हणणारा मराठी माणूस तिला अजून भेटायचा होता. माणसं उभं राहून, घसा खाकरून, डोळे मिटून म्हणत. वैदेही ते वेबसाइटवर चढवायची, अर्ज करायची, मूळ कळलं की उतरवायची. सगळं कायदेशीर.

आणि काय काय कळत गेलं! 'आईनं वाढवलंय हो त्याला' असं सांगितलेल्या मुलाला आजोळच्या नोकरानं वाढवलं होतं. एका घरातल्या चार भावंडांपैकी तिसऱ्याचा कान शेजारच्या वाड्यात लहानाचा मोठा झाला होता. मंडळाची कीर्ती वाढली. लोक या अहवालाला कानपत्रिका म्हणू लागले.

मग एका वधूपित्यानं विचारलं, "दोघांच्या कानाचं मूळ एकच निघालं तर?"

वैदेहीनं असा विचार केलेला नव्हता. पण सल्ला मागायला आलेल्या माणसाला 'माहीत नाही' म्हणणं धंद्यात बसत नाही. ती म्हणाली, "मूळ एक म्हणजे कुठेतरी घर एक. लपवलेलं नातं असू शकतं. मी असते तर थांबले असते."

एवढं पुरलं. सहा महिन्यांत नाशकात कानाचं गोत्र ही गोष्ट जणू ऋषींनीच सांगून ठेवली होती. सगोत्र कान, लग्न नको. शेवड्यांची मुलगी आणि कारखानिसांचा मुलगा यांचं साखरपुड्यापर्यंत आलेलं लग्न यावरच मोडलं. दोन्ही घरं वैदेहीचे आभार मानून गेली, फक्त मुलगा आणि मुलगी काही बोलली नाहीत.

वेबसाइटवर आता वैदेहीच्या मुलीचा, ईराचा आवाज होता. घरचा आवाज म्हणजे संमतीची भानगड नाही. अर्जात वैदेहीनं 'मूळ' या रकान्यात 'आई' असं लिहिलं. वेबसाइटवर 'आमच्याविषयी'मध्ये तर ते पहिल्याच ओळीत होतं: 'मुलीच्या संगोपनासाठी बँकेतली नोकरी सोडून वैदेहीताईंनी संस्कारांनाच आपलं कार्यक्षेत्र मानलं.' पण केंग्यांचं उत्तर आलं की मूळ आई नाही. मूळ: स्त्री, जिवंत, नोंद नाही.

वैदेहीनं हरकत नोंदवली. यंत्रावर तिचा पूर्ण विश्वास होता, पण तो दुसऱ्यांच्या बाबतीत. हरकतीचा निकाल लागेपर्यंत गाणं वाजत ठेवायला परवानगी होती. ती विसरून गेली.

तेवढ्यात ईरानं स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं.

"विहान उगावकर," तिनं सांगितलं. "द्राक्षबागांना हवामानाचे अंदाज देतो. आणि आई, त्याची चौकशी करायची नाही."

"मी कशाला करू? तू ठरवलंस ना," वैदेही म्हणाली आणि त्याच संध्याकाळी उगावकरांच्या वॉचमनशी बोलली.

वॉचमन निराशाजनक निघाला. सगळं चांगलंच सांगत होता. मुलगा घरी आला, तोही तसाच. पोहे मागून घेतले, बशी स्वतः विसळली. एवढं चांगलं वागणाऱ्या माणसाबद्दल वैदेहीला काळजी वाटायची. जाताना बुटाच्या नाड्या बांधता बांधता तो काहीतरी गुणगुणत होता.

"आवाज छान आहे रे तुझा. मंगलाष्टकं येतात?"

"येतात की, काकू," असं म्हणून त्यानं एक पाय बुटात आणि एक बाहेर अशा अवस्थेत एक कडवं म्हणूनही दाखवलं. वैदेहीचा फोन टेबलावर पालथा पडलेला होता. पालथ्या फोनला व्यवस्थित ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी केंग्यांचाच फोन आला. "ताई, मुलीचा आवाज चुकून पुन्हा पाठवलात का? नाही, हा पुरुषाचा आहे म्हणा. पण मूळ तेच. तीच बाई. पहिल्याच ओळीत जिथे श्वास घ्यायचा तिथे घेत नाहीत, पुढे जाऊन भलत्याच जागी घेतात. दोघंही. असा श्वास मी दुसरीकडे ऐकला नाही. म्हणजे तुम्हीच मध्ये ती शेवडे आणि कारखानीस पाठवली होतीत, ते सोडून."

वैदेहीनं ते शेवटचं वाक्य ऐकलंच नाही.

एक बाई. तिनं ईराला वाढवलं आणि विहानलाही वाढवलं. विहानला कोण वाढवणार? त्याची आई, सुनीती उगावकर. मग ईरा लहानपणी सुनीती उगावकरच्या घरी रोज काय करत होती? तिला तिथे कोण नेत होतं? वैदेहीला आठवलं की त्या काळी संध्याकाळी ईराला मंदार सांभाळायचा. मंदार म्हणजे नवरा. गिऱ्हाइकांसमोर ती त्याला 'अहो' म्हणायची, घरात मंदार. आणि विहानचा फोटो बघून मंदार काय म्हणाला होता? म्हणाला होता, "हा चेहरा कुठेतरी पाहिलाय."

चौकशीचं वीस वर्षांचं शिक्षण अशा वेळी उपयोगी पडतं. पुरावा कमी असला तरी अडत नाही. मंदार पंप कंपनीत होता, उगावकरांच्या शेतात पंप असणारच. मंदार कमी बोलायचा, आणि कमी बोलणारा माणूस काय बोलत नाही ते कोण जाणे. सगळ्यात वाईट विचार तिनं पूर्ण होऊ दिला नाही, पण तो अर्धाच राहूनही पुरेसा होता. मुलीचं लग्न कुणाशी होऊ घातलं होतं?

मंदारला विचारायचा प्रश्नच नव्हता, नियम नियम होता. तिनं केंग्यांना आडून विचारलं, "मोठेपणी कान बदलतो का हो? म्हणजे कुणाचा फार सहवास असला तर?"

"मूळ बदलत नाही. पण रंग चढतो. नवरा-बायकोचे श्वास वीसपंचवीस वर्षांत एकमेकांत मिसळतात. यंत्राला दिसतं ते."

मंदार रोज आंघोळ करताना गायचा. काय गायचा ते पंचवीस वर्षांत कुणाला ओळखता आलेलं नव्हतं. वैदेहीनं मोरीच्या दाराशी फोन धरला, ते गाणं 'नमुना' म्हणून वेबसाइटवर चढवलं आणि अर्ज केला. केंगे नेमके दोन दिवस रजेवर होते.

त्या दोन दिवसांत ती नवऱ्याकडे अशी बघत होती की त्यानं एकदा आरशात जाऊन दाताला काही लागलंय का ते पाहिलं. तिनं त्याला भाजी वाढली. तो "छान झालीय" म्हणाला. आजपर्यंत तो भाजीला कधी छान म्हणाला नव्हता. तिनं तेही लक्षात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी ईरा आणि विहान जेवायला आले होते. मंदार ऑफिसातून आला, बॅग ठेवली, चप्पल जागेवर ठेवली आणि म्हणाला, "वैदेही, तुझ्या वेबसाइटवर मी आंघोळ करतोय."

ईरानं आधी बाबांकडे, मग आईकडे पाहिलं.

"आमचे दातार मुलासाठी स्थळ बघत होते. त्यांनी साइट उघडली. सगळ्या खात्यानं ऐकलं. बादली भरल्याचासुद्धा आवाज येतो."

"आई!" ईरानं चमचा खाली ठेवला. "बाबांचं कशाला तपासलंस तू?"

नेमका तेव्हाच फोन वाजला. केंगे होते. वैदेहीनं उठून आत जायला हवं होतं, पण तिच्या पायांना ते सुचलं नाही.

"ताई, हा अजब माणूस कुठे सापडला तुम्हाला?" केंग्यांचा आवाज टेबलभर ऐकू आला. "याला मूळच नाही! आईचं नाही, शाळेचं नाही, कुणाचंच नाही. प्रत्येक सूर स्वतःच्या जबाबदारीवर चुकलाय. नमुना पाठवताना 'नवरा' लिहिलंत, ते खरं आहे का? कारण ताई, पंचवीस वर्षांत तुमचासुद्धा शिंतोडा नाही यांच्या गाण्यात. स्वतंत्र रचना! कार्यालय उघडल्यापासून हा पहिलाच."

फोन बंद झाल्यावर मंदार खुर्चीवर बसला. "कुणाचा शिंतोडा शोधत होतीस?"

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. वैदेहीनं सांगितलं. विहानचा आणि ईराचा कान एका बाईचा आहे. ती बाई कोण हे माहीत नाही. पण... आणि तिनं विहानकडे पाहून म्हटलं, "तुझ्या आईचं गाणं कसं आहे रे?"

"माझ्या आईचं? ती गात नाही. सर्जन आहे ती, ऑपरेशन करताना रेडिओसुद्धा लावू देत नाही." विहान विचारात पडला. "एका बाईचा कान म्हणजे वृंदामावशींचा म्हणताय का?"

"कोण वृंदामावशी?"

"पाळणाघरातल्या. वृंदा नेर्लेकर. मी तिसरीपर्यंत होतो त्यांच्याकडे. त्या मंगलाष्टकांच्या चालीवर भात भरवायच्या ना! आम्ही सगळे रांगेत बसायचो. एक वाटी, एक चमचा, बारा पोरं." आणि त्यानं जेवता जेवता म्हणूनच दाखवलं:

"आधी भात मऊ, वरून पडते साजूक
ते तूप हो..."

"'साजूक' म्हटलं की चमचा पुढच्या मुलाकडे जायचा, म्हणून 'पडते'पाशी न घेता तिथे श्वास. शेवटी 'शुभमंगल सावधान' म्हटलं की सगळ्यांनी तोंड उघडायचं. अजून लग्नात सावधान ऐकलं की माझं तोंड उघडतं, काकू. फोटो बघा कुठलेही."

ईरा आधी हसली, मग गाणं तिच्याही ओठांवर आलं, 'साजूक'पाशी श्वास घेऊन. ती एकदम थांबली. "मी पण होते तिथे?"

"होतीस," मंदार म्हणाला. "चार वर्षांची होईपर्यंत. मी न्यायला यायचो संध्याकाळी. हा एक गट्टू पोरगा दारात बसायचा, तरीच चेहरा ओळखीचा वाटत होता." त्यानं वैदेहीकडे पाहिलं. "मला वाटलं तुला आठवत असेल. पाळणाघर तूच शोधलं होतंस. पाच ठिकाणी चौकशी करून."

वैदेहीला आठवलं. बँक, बढती, संध्याकाळी सात. नोकरी तिनं नंतर सोडली होती, ईरा पाच वर्षांची असताना, तीही शाखा नागपूरला हलली म्हणून. वेबसाइटवर ते थोडं आधी सरकवलं होतं, वाक्यात बसावं म्हणून. ती ओळ इतकी वर्षं रोज समोर होती की तीच खरी झाली होती.

"मग त्याला सरळ विचारायचं ना, आई!" ईरा म्हणाली. "एक प्रश्न! तो बूट घालत होता, पळून जात नव्हता."

"आणि मला?" मंदारनं विचारलं. आवाज चढला नव्हता. "माझं नाव कुणाशी जोडलं होतंस? सुनीती उगावकरांशी?"

विहानला ठसका लागला. मंदार हसेल असं सगळ्यांना वाटलं. त्यानं स्वतःचं ताट उचललं, आत नेऊन घासलं आणि जागेवर उपडं ठेवलं.

हरकत निकालात निघाली. मूळ सापडल्यावर संमती घेणं भाग होतं, म्हणून वैदेही ईराला घेऊन गंगापूर रोडला गेली. वृंदा नेर्लेकर आता सत्तरीच्या होत्या, अकराव्या मजल्यावर नदीसमोर राहत होत्या आणि अजिबात थकलेल्या नव्हत्या. मनातल्या मनात वैदेही रस्ताभर त्यांच्याशी भांडली होती. मुलीच्या गळ्यात बसलेली बाई! ती मुलीला मिठी मारणार, रडणार, आपल्याकडे तुच्छतेनं बघणार.

वृंदाबाईंनी ईराकडे चष्मा सरकवून पाहिलं. "कोण ईरा? चावायची ती का?"

"नाही हो, ती मी नसेन..." ईरा म्हणाली.

"मग उन्हाळ्यात बूट काढू द्यायची नाही ती? तीही नाही? जाऊ दे. तीनशे पोरं झाली माझ्या हाताखालून. विहान आठवतो. डाळ थुंकायचा. त्याच्याशी लग्न करतेयस? कर. थुंकत नाही ना आता?"

वैदेहीला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी कशाचा तरी राग आला. जिचा श्वास पोरगी आयुष्यभर घेणार, तिला पोरगी आठवतसुद्धा नव्हती.

तिनं कामाचं काढलं. गाणं, वेबसाइट, कायदा, संमती. वृंदाबाई लक्ष देऊन ऐकत होत्या.

"म्हणजे तो श्वास माझा?"

"कायद्यानं तुमचाच."

"गाण्याच्या परीक्षेत दोनदा नापास केलं मला त्या श्वासावरून. भलत्या जागी तुटतो म्हणाले परीक्षक. आता सरकार म्हणतं माझी मालमत्ता आहे. बरं वाटलं." त्यांनी पाय खुर्चीवर घेतले. "पण मंडळ तुमचंच ना ते? कान तपासून लग्नं मोडतात ते?"

"मोडत नाही, आम्ही सल्ला..."

"शेवड्यांची अवनी माझी. कारखानिसांचा ओमही माझा. शेजारी शेजारी बसायची, एकमेकांच्या वाटीतलं खायची. वीस वर्षांनी पुन्हा भेटली आणि तुम्ही सांगितलंत, मूळ एक आहे, काहीतरी लपवलंय. मूळ एक होतंच. ते मूळ गंगापूर रोडला राहत होतं, फोन केला असतात तर उचलला असता."

"ते... मी बोलते त्यांच्याशी," वैदेही म्हणाली.

"ओम कॅनडाला गेला. अवनी बोलत नाही कुणाशी. बोला तुम्ही." वृंदाबाई ईराकडे वळल्या. "तू गा ग. तो पोरगाही गाऊ दे. लग्नात गा, मोरीत गा, पोरांना भरवताना गा. कुणाला विचारायला नको. मी तुम्हाला भरवलंय." मग वैदेहीकडे बघत त्या म्हणाल्या, "तुमच्या धंद्याला नाही भरवलं."

संमती मिळाली नाही. संमतीशिवाय मूळ सिद्ध धरत नाहीत, म्हणून ईराचा आवाज उतरला आणि वेबसाइटवर पुन्हा ती ओळ आली, 'ध्वनीचे मूळ सिद्ध न झाल्याने बंद'. दुसऱ्यांची मुळं शोधणाऱ्या मंडळाच्या दारावर ही पाटी लोकांना फार आवडली. तिचे फोटो काढून लोक एकमेकांना पाठवत. वैदेहीनं कानपत्रिका बंद केल्याचं जाहीर केलं, तर लोक म्हणाले, काहीतरी लपवतायत. शेवड्यांकडे ती स्वतः गेली. दार अवनीनंच उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि हळूच लावलं.

केंग्यांनी फोनवर तोडगा सुचवला. "ताई, तुमच्याकडे तो अजब माणूस आहे की! कुणाच्या संमतीची गरज नाही, फक्त त्याच्या स्वतःच्या. अख्ख्या जिल्ह्यात असा निर्वेध आवाज दुसरा नाही. आणि मूळ सिद्ध झाल्याचा हिरवा शिक्का मिळेल, तो वेगळा."

मंदार त्या जेवणापासून भांडला नव्हता. तो नेहमीसारखा वागत होता, फक्त भाजीला तो पुन्हा छान म्हणाला नव्हता. आंघोळ करताना गाणंही म्हणत नव्हता. घरात एवढी शांतता वैदेहीनं पूर्वी कधी ऐकली नव्हती.

तिनं त्याच्यासमोर पडदा ठेवला. "संमती हवी होती. तुझी."

त्यानं चष्मा लावून सगळं वाचलं. तो सगळंच वाचायचा. "दोन प्रकार आहेत इथे. कायमची आणि रोजची."

"कायमचीवर बोट ठेव ना. सोपं पडेल."

"कायमची एकदा दिली होती तुला," मंदार म्हणाला. "सगळ्या नातेवाइकांसमोर. तिचं काय केलंस ते पाहिलं मी." त्यानं दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "रोज विचारायचं. स्वतः. दिली तर त्या दिवशी वाजेल."

"आणि नाही दिलीस तर?"

"तर त्या दिवशी नाही वाजणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टॉवेल घेऊन निघाला तेव्हा वैदेही मोरीच्या दाराशी उभी होती. हा प्रश्न तिनं रात्रभर निरनिराळ्या प्रकारे घोळवला होता आणि तरी तो तोंडातून बाहेर येताना पहिल्यांदाच बोलल्यासारखा आला.

"मंदार, आजची संमती आहे का?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. आत गेला, कडी लावली, नळ सोडला. बादली भरत राहिली. वैदेहीनं पाण्याच्या आवाजावरून त्याचा राग किती आहे याचा अंदाज बांधायला सुरुवात केली, मग तिचं तिलाच जाणवलं आणि तिनं तो सोडून दिला.

थोड्या वेळानं आतून मंदार गाऊ लागला. कुठलं गाणं ते नेहमीप्रमाणे कळत नव्हतं. ही संमती होती की नुसतीच आंघोळ, हे विचारायला वैदेहीनं दारावर टकटक केली.